तळहातावरचा फोड

गेल्या दिवाळीत भाऊबिजेसाठी मी जालन्याला भावाकडे गेले होते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. स्वयंपाकघरात चकल्यांचे घाणे चालले होते. वहिनी कढईपाशी, मी भाजणी मळायला आणि पुतणी सोऱ्या दाबायला, अशी आमची वाटणी होती. पूर्वी हे सोऱ्याचे काम घरात कुणालाच नको असे. पीठ जरा घट्ट पडले की दोन घाण्यांत मनगटे भरून येत. आमची ही मुलगी मात्र बोलता बोलता पातेलेच्या पातेले रिकामे करीत होती. दोन वर्षांपासून ती जिममध्ये जाते, आणि तिथे नुसता घाम गाळून परत येत नाही, चांगली वजने उचलते. स्वतःच्या वजनाहून अधिक लोखंड जमिनीवरून उचलून आपण सरळ उभ्या राहतो, हे तिने मला तीन वेळा तरी ऐकवले होते.

तेवढ्यात दारात पार्सल आले. वहिनीने मागवलेली ती लेकीची दिवाळीची भेट होती: वजने उचलताना घालायचे हातमोजे. गुलाबी रंग, तळहाताशी शिवलेली मऊ गादी, मनगटावर आवळायचा पट्टा आणि बोटे अर्ध्यापासून उघडी. मुलीने हात धुतले, मोजे घालून पाहिले, मूठ दोनदा आवळली, सोडली, आणि ते पुन्हा पेटीत ठेवीत म्हणाली, "छान आहेत गं आई. पण मी घालणार नाही."

वहिनीचा चेहरा उतरला. "हात बघितलेस का स्वतःचे? अक्का, तुम्हीच सांगा बरं हिला काहीतरी. पोरीच्या जातीचे हात आहेत का हे?"

मी मुलीचा हात हातात घेतला. चारही बोटांच्या मुळाशी एकेक पिवळसर, टणक घट्टा होता. बाकी हात एकवीस वर्षांच्या मुलीचा असावा तसाच, नखांना दिवाळीचा रंग लावलेला. एवढ्यावरून वाद पेटला आणि पंच म्हणून मला मध्ये बसवण्यात आले. वजन उचलताना बाईने हातमोजे घालावेत की घालू नयेत, हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटेल. मलाही तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच वाटत होता.

मुलीची बाजू आधी सांगते, कारण ती सोपी आहे. तिचे म्हणणे असे की, मोजा घातला की दांडा जाड होतो. दांडा जितका जाड तितकी मूठ कमी मिटते, आणि मूठ कमी मिटली की पाठीत आणि पायांत जोर असूनही वजन बोटांतून निसटू पाहते. हे ऐकून मला प्रथम हसू आले. कातड्याच्या एका पदराने असा काय फरक पडणार? पण तिने सांगितलेली दुसरी गोष्ट ऐकली आणि हसू थांबले. भारोत्तोलनाच्या स्पर्धांत पुरुषांचा दांडा २० किलोचा आणि मुठीच्या जागी २८ मिलिमीटर जाडीचा असतो. बायकांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा. बाईचा पंजा लहान म्हणून अवघे तीन मिलिमीटर कमी करून जगभर वेगळा दांडा घडवला जातो. मोजा घालून ते तीन मिलिमीटर परत चढवायचे, तर मग लोहाराने एवढी अक्कल कशासाठी चालवली? घामासाठी म्हणाल तर मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड हाताला चोळतात. घट्टा फार वाढला तर तो सोलपटून निघतो आणि जखम होते, म्हणून अंघोळीच्या वेळी तो वजरीने घासून सपाट ठेवायचा. (आमच्या सासूबाईंची टाचा घासायची वजरी या कामी येईल, हे त्यांना स्वप्नातही वाटले नसते.) आणि घट्टा म्हणजे तरी काय? घर्षण एकदम झाले तर कातडीला फोड येतो; रोज थोडे थोडे झाले तर तीच कातडी जाड होऊन पुढच्या घर्षणाला तयार राहते. शरीराने स्वतःच शिवलेला तो मोजा आहे.

हे सगळे पटण्यासारखे होते. पण मोजे घालणाऱ्यांचीही बाजू आहे. त्याच जिममध्ये येणारी एक बाई शिवणकाम करते, ब्लाउजवर रेशमाचे भरतकाम करते. राठ कातडीला रेशमाचा धागा अडकतो. तेव्हा ती मोजे घालते, आणि अगदी बरोबर करते. कुणाच्या हाताला फार घाम येतो, कुणाला कातडीचा विकार असतो, कुणाची कालची जखम अजून ओली असते. हलकी वजने उचलणाऱ्या बाईला तर तीन मिलिमीटरांचे काहीच वाटायचे नाही. मोज्यांच्या भीतीपेक्षा घट्ट्यांच्या भीतीनेच एखादी बाई जिमच्या पायरीवरून परत फिरत असेल, तर तिने खुशाल चार जोड घ्यावेत. कारण मुठीतले बळ ही काही नुसती मिरवायची वस्तू नव्हे. १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार माणसांची पाहणी २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. ज्यांची मूठ दुबळी त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक, असे तीत दिसून आले. पन्नाशीनंतर बाईची हाडे ठिसूळ होऊ लागतात, त्यांनाही वजनाचा व्यायाम मानवतो.

म्हणजे ज्याला जे काम, त्याला तशी सोय. इतका सरळ निवाडा देऊन मी मोकळी झाले आणि पुन्हा भाजणीकडे वळले.

रात्री मुलगी झोपल्यावर वहिनी आणि मी चकल्या डब्यात भरीत बसलो होतो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुमचं सगळं खरं, अक्का. पण दोन वर्षांनी हिला पाहायला येतील, तेव्हा काय?"

मी म्हटले, "अगं, आता हात कोण पाहतं? शिक्षण पाहतात, नोकरी पाहतात."

वहिनीने मान वर केली नाही. एक चकली मोडली होती, ती बाजूला काढून ठेवीत ती म्हणाली, "तुम्ही पाहिले होतेत की."

मला क्षणभर उमगलेच नाही. मग सगळे आठवले. २००० सालचा हिवाळा होता. भावासाठी मुलगी पाहायला आम्ही घनसावंगी तालुक्यातल्या तिच्या गावी गेलो होतो. ती पोह्यांच्या बशा घेऊन आली. बशी माझ्या हातात देताना तिचा तळवा मला दिसला. विहिरीचे पाणी, सरपण आणि पहाटेपासूनचे खुरपे यांनी तो जसा व्हायचा तसा झालेला होता. बशी दिल्यावर तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. आणि परत येताना जीपमध्ये मी आईला म्हणाले होते, "मुलगी चांगली आहे, पण हात फार राठ आहेत गं." लग्न ठरले, झाले, आमचे नणंद-भावजयीचे चांगले जमले. माझे ते वाक्य तिच्यापर्यंत कधी, कसे पोचले ते मी विचारले नाही. पाव शतक ते तिच्यापाशी होते. मला तर ते दुसऱ्या दिवशीसुद्धा आठवत नसावे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सप्टेंबर २००० मध्ये, म्हणजे त्या पोह्यांच्या बशीच्या दोन-तीन महिने आधी, सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकंदर २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवले होते. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुरुषांचे भारोत्तोलन १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकपासूनच होते. बायकांना ते खुले झाले त्याच २००० साली. वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र आले होते, पांढरी पूड माखलेल्या हातांचे. ते मी कापून ठेवले होते, शेजारणीला दाखवले होते. त्या हातांचे मला केवढे कौतुक! आणि तसल्याच कातडीच्या दुसऱ्या हातांनी पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा माझ्या मनात उठले ते 'राठ'. मी कातडी पाहिलीच नव्हती. मी त्या घरची जमीन पाहिली होती, गडी ठेवण्याइतकी ऐपत नाही हे पाहिले होते. तळहात हा मला सातबाऱ्याचा उतारा वाटला होता.

जगात सगळीकडे हाताची हीच गत आहे. युरोपातल्या श्रीमंत बायका शतकानुशतके हातमोजे घालीत आल्या, ते काही नुसते थंडीमुळे नव्हे. या हातांना कामाची गरज पडत नाही, अशी ती पाटी होती. आपल्याकडे मोजे नव्हते, पदर होता. मुलीला कसे वाढवले हे सांगताना आपण 'तळहातावरच्या फोडाप्रमाणे' असे म्हणतो. हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा वापरला असेन; त्या रात्री प्रथमच तो मला विचित्र वाटला. फोड जपायचा असतो तो ठणकतो म्हणून, त्याला कशाचाही स्पर्श सोसत नाही म्हणून. जी गोष्ट कधीच घट्ट होऊ द्यायची नाही तिला आपण लाडकी म्हणतो. वहिनीने आपल्या लेकीला अक्षरशः तसे वाढवले. खुरपे तिच्या हाती दिले नाही, हंडा उचलू दिला नाही. मुलीचा मऊ तळवा ही त्या माउलीची कमाई होती, आणि एक दिवस ती पोर पैसे भरून जिममध्ये जाते आणि आईने फेडलेले घट्टे हौसेने परत घेऊन येते! वहिनीचा संताप हा अडाणीपणा आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी एकदा आपल्या आईचे हात आठवून पाहावेत.

तरीही मला वहिनीचे म्हणणे मान्य होईना, आणि का होत नाही हे नीट सांगताही येईना. कारण कष्ट करणाऱ्या बाईने हाताखाली वा डोक्याखाली काही मऊ घ्यायला माझी कधीच हरकत नव्हती. चुंबळीचेच पाहा. जुन्या लुगड्याचे फडके पिळून, गोल करून बाई ती डोक्यावर ठेवते आणि तीवर हंडा, पाटी किंवा उसाची मोळी घेते. आमच्या जिल्ह्यातून किती जोडपी दर वर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात; मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई चुंबळीशिवाय एक पाऊल टाकीत नाही. म्हणून कुणी तिला नाजूक म्हटले आहे? चुंबळ घ्यावी की घेऊ नये यावर कधी घरात वाद झाला आहे? नाही, कारण चुंबळ त्या ओझ्याची आहे. डोक्याला खूण पडू नये म्हणून ती घेत नाहीत, मोळी नीट पोचावी म्हणून घेतात. गुलाबी मोजे मात्र ओझ्याकडे पाहून आलेले नव्हते. ते आले होते भविष्यातल्या कुणा नणंदेच्या डोळ्यांच्या भीतीने, आणि ती भीती घालणारी नणंद मीच होते.

आता दुसऱ्या बाजूलाही तोल जाऊ नये. सुशिक्षित घरातली मुले हल्ली घट्ट्यांचे कौतुक करू लागली आहेत, आणि त्यात एक प्रकारचा पोकळ डौल असतो. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको काढली, आणि संकरित बियाण्यांचा धंदा या मातीत रुजला. कपाशीचे संकरित बी तयार होते कसे? बाई दुपारी फुलाची कळी नखाने उकलते, आतले पुंकेसर एकही न ठेवता काढून टाकते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलावर दुसऱ्या वाणाचा पराग लावते. दिवसाकाठी शेकडो कळ्या. तिच्या अंगठ्याच्या नखाची जी दशा होते ती कुणी छायाचित्र काढून मिरवीत नाही. एमआयडीसीत सळया ओढणारे कारखाने आहेत. इथल्या लोखंडावर किती शहरांचे मजले उभे आहेत! त्या तापलेल्या लोखंडाजवळ राबणाऱ्या माणसाला कुणी विचारले, की मोजे घालणे हा तुझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे काय, तर तो वेड्यासारखा पाहत राहील. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. उघड्या हातांनी, उघड्या तोंडांनी फवारणी आजही पाहायला मिळते. जिथे मोजा नसेल तर जीव जातो तिथे तो मिळत नाही, आणि दिवसातून तासभर हौसेने लोखंड उचलणाऱ्या मुलीला तो रंगीत पेटीतून घरपोच येतो. पुतणीने आपल्या चार घट्ट्यांचा अभिमान बाळगावा, पण ते खुरप्याच्या घट्ट्यांचे सख्खे भाऊ आहेत असे म्हणू नये. हे मी तिला सांगितले. तिला ते आवडले नाही, पण तिने ऐकून घेतले.

मात्र कधीकधी ही दोन नाती एकाच हातात जुळतात. मीराबाई चानू लहानपणी मणिपूरच्या डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणीत असे. २०२१ साली टोकियोला तिने ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. मोळी आणि दांडा, दोन्ही वजनेच; मोळी घरच्या गरजेने डोक्यावर दिली होती, दांडा तिने स्वतः उचलला. आपल्या मावळातल्या वडगावची हर्षदा गरुड २०२२ साली ग्रीसमध्ये कुमार गटाची जगज्जेती झाली, ४५ किलो गटात १५३ किलो उचलून. या मुलींचे हात पाहून कोण काय म्हणत असेल? काही म्हणत असले तरी त्यांना ते ऐकू जात नसावे.

घट्टा तोच, कातडी तीच, पण तो पडला कसा यावर सगळे आहे, असे मला वाटू लागले आहे. माझ्या वहिनीच्या तळव्यावरचा घट्टा तिला कुणी विचारून दिला नव्हता. तो तिने पदराखाली झाकला. तिच्या लेकीचा घट्टा लेकीने मिळवला आहे. तो ती झाकीत नाही. आई त्यात आपला भूतकाळ पाहते, आणि मुलीला आईचा भूतकाळ ठाऊकच नाही, कारण आईने तो तिच्यापासून इतका जपून लपवला. मग भांडण होणार नाही तर काय होईल?

आणि उंबरठ्याचेही आहेच. आमच्याच जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. बलोपासनेचा आणि मारुतीचा महिमा त्यांनी गावोगाव नेला. वेणाबाईंसारख्या विधवेला त्यांनी कीर्तनाला उभे केले, मिरजेचा मठ सोपवला. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पण तालमीच्या लाल मातीत पाय ठेवणे हे बाईच्या वाट्याला पुढे तीनशे वर्षे आले नाही. बळ हे बाईने दाखवायचे ते हंड्यात, जात्यात, बाळंतपणात. त्याला कुणी बळ म्हणत नसत, सोसणे म्हणत. आज आमच्या मुली बांगड्या काढून पिशवीत ठेवतात आणि दांड्याला हात घालतात. तिथे त्यांना कुणी सोसायला सांगितलेले नाही. हे मला जिवापाड आवडते, आणि याच कारणाने वाटते की, तिथे काय घालायचे नि काय नाही, हे दांड्यापाशी उभे राहून ठरावे. पोह्यांच्या बशीपाशी नव्हे.

सकाळी मी वहिनीला एवढेच म्हणाले, "ते मी तेव्हा बोलायला नको होतं." ती म्हणाली, "जाऊ द्या हो अक्का, आता काय त्याचं." आणि मला करंज्यांचे सारण हलवायला बसवले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण 'काही नाही' असेही ती म्हणाली नाही. मी सारण हलवीत राहिले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ओवाळणी आटोपल्यावर, आम्ही सगळे शेतावर गेलो. कपाशीची वेचणी चालली होती. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात. वेचणाऱ्या बायकांपैकी दोघी-तिघींनी बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. वहिनीने पिशवीतून ते गुलाबी मोजे काढले. परत पाठवायची मुदत गेली होती आणि घरात ते कुणाच्याच कामाचे नव्हते. तिने ते एका वेचणाऱ्या बाईला दिले. म्हणाली, "घे, हाताला बरे पडतील."

बाईने ते उलटसुलट करून पाहिले, हातात घातले, आणि आपल्या उघड्या बोटांकडे पाहून ती अशी हसली की बाकीच्या बायकाही ओळ सोडून जवळ आल्या.

"ह्याच्यात बोटं तं उघडीच राह्यली की, बाई," ती म्हणाली. "कापूस काय तळव्यानं येचायचा?"

मग तिने ते मोजे नीट घडी करून कमरेला खोचले. पोरगा फटफटीवर मंठ्याला जातो, त्याला थंडीचे होतील म्हणाली.